वकीलबाई आणि मागवलेला माणूस

आरोंदेकर वकीलबाईंशी त्यांच्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ दोन वर्षं कुणी बोलत नव्हतं. मी बोलत होते, कारण मी बिल्डिंगमधली नव्हते. मी वाशीलाच, पण रस्त्यापलीकडच्या बैठ्या खोल्यांत राहायचे आणि त्यांच्याकडे दोन वेळचा स्वयंपाक करायला जायचे. लोक मला गाठून म्हणायचे, "हौसाबाई, तुम्ही तरी कशाला जाता?" मी म्हणायचे, मला भाकरीचा पगार आहे, रुसायचा नाही.

त्या चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. चांगली माणसं लवकर विसरली जातात. या बाई हट्टी होत्या, खवचट होत्या आणि मिठाला फार कडक होत्या. कालवणात चिमूटभर जास्त पडलं तरी ताट सरकवायच्या. पण खोटं बोलताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. आणि मी आठ वर्षं त्यांच्या ओट्यापाशी उभी होते.

मी खटाव तालुक्यातली. शाळा चौथीपर्यंत. नवरा माथाडी. मुंबईतला दाणाबाजार उठून तुर्भ्याला आला, तसे आम्हीही उठून इकडे आलो. वकीलबाई मूळच्या सावंतवाडीकडच्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उंच, हडकुळ्या, केस मानेवर कापलेले, पायात पुरुषी चपला. सरकारी वकिलांच्या कचेरीत होत्या. रोज खाडी ओलांडून मुंबईला जायच्या. त्यांचं काम मला एकदा त्यांनीच सांगितलं, "इथं गुन्हा करून माणूस दुसऱ्या देशात पळाला की त्याला परत मागायचे कागद मी लिहिते."

मी म्हटलं, "आवं, पोलीस पाठवायचे की. कागद कशाला?"

"तुमच्या शेजारणीच्या घरात तुमची कोंबडी शिरली, तर तुम्ही तिच्या चुलीपर्यंत जाऊन धराल?"

"दारातनं हाक मारीन."

"तेच. मी हाक मारते. टाइप करून."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आधी अंगण कुणाचं ते बघा." कुणीही भांडण घेऊन आलं की कोण चुकलं हे त्या शेवटी विचारायच्या. आधी हे. न्याय करायचा अधिकार कुणाचा ते ठरल्याशिवाय न्याय करायला बसणारा माणूस म्हणजे लुडबुड्या, असं त्यांचं मत. हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. दूधवाल्याने पिशवी चुकून शेजारच्या दारात टाकली तर त्या उचलायच्या नाहीत. बेल वाजवायच्या, शेजारीण झोपेतून उठून यायची, तिच्या हातून पिशवी घ्यायच्या. शेजारीण म्हणायची, "अहो बाई, घ्यायची ना सरळ!" या म्हणायच्या, "तुमच्या पायपुसण्यावर होती."

एकदा तिसऱ्या मजल्यावरची तुळशीची कुंडी खाली एका गृहस्थाच्या स्कूटरवर पडली. सोसायटीची मीटिंग बसली. मी भाकऱ्या टाकून मजा बघायला गेले होते. तिसऱ्या मजल्यावरची म्हणे, कुंडी मांजराने पाडली. स्कूटरवाला म्हणे, मांजर तुम्ही पाळलंय. ती म्हणे, पाळलेलं नाही, ते सगळ्यांकडे जेवतं. दोन तास झाले. मग सेक्रेटरी म्हणाले, "वकीलबाई, तुम्ही काहीतरी बोला."

वकीलबाई म्हणाल्या, "मांजर कुणाच्याच घरचं नाही?"

"नाही."

"आणि सगळ्यांना त्रास देतं?"

"देतं."

"मग ते समुद्रावरच्या चाच्यासारखं आहे. चाचा कुठल्या देशाचा ते कुणी विचारत नाही. तो सगळ्यांचाच वैरी, म्हणून ज्याला सापडेल त्याने त्याचा न्याय करावा. ज्याच्या हाती मांजर लागेल त्याने शिक्षा द्यावी. मीटिंग संपली."

लोक हसत उठले. स्कूटरवाल्याने आरसा स्वतः बसवून घेतला. मांजर त्याच संध्याकाळी वकीलबाईंच्या हाती लागलं आणि बांगड्याचं डोकं खाऊन गेलं. मी म्हटलं, "ही शिक्षा होय?" तर म्हणाल्या, "न्यायाधीश मी आहे."

आता बाजारातली गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तुर्भ्याच्या बाजारात प्रत्येक गाळ्याची हमालांची टोळी ठरलेली असते. त्या गाळ्यावर आलेलं पोतं त्याच टोळीने उतरवायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. एकदा गव्हाची गाडी आली ती अर्धी एका गाळ्यापुढे आणि अर्धी दुसऱ्यापुढे उभी राहिली. माझा नवरा म्हणे, "तोंड आमच्याकडं हाय, माल आमचा." दुसरी टोळी म्हणे, "मागचा फाळका आमच्याकडं हाय, उतरवायचं तिथनंच." हाणामारी व्हायची वेळ आली. शेवटी मुकादमाने गाडीवानाकडून चिठ्ठी मागितली. माल ज्या गाळ्याच्या नावाने मागवलेला, त्या गाळ्यावर तो उतरला. दोन्ही टोळ्या गप्प बसल्या. नवऱ्याची हजेरी बुडाली.

हे मी वकीलबाईंना भाकरी थापता थापता सांगितलं. त्या जेवता जेवता थांबल्या. "आणि समजा, एका नावाने मागवून दुसऱ्याच गाळ्यावर उतरवला तर?"

"तर माल धाडणारा व्यापारी पुढच्या वेळी धाडत न्हाय. त्याला इचारायला लागतं आधी."

"विचारलं आणि तो हो म्हणाला तर?"

"मग उतरवा की. त्याचा माल हाय."

त्यांनी डाव्या हाताने वही ओढली आणि लिहून घेतलं. मी म्हटलं, "हमालांचं काय लिवता?" त्या म्हणाल्या, "हेच समजावायला आमच्या कचेरीत मला तीन पानं लागतात."

त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर नलिनी पेडणेकर राहायची. टेलिफोनच्या कचेरीत नोकरी. तिशीची, नीटनेटकी, सगळ्यांशी गोड. तिचा नवरा सुहास आखातातल्या एका शहरात विमानाची तिकिटं विकणाऱ्या ऑफिसात होता. त्या ऑफिसात कुणीतरी बॉम्ब ठेवला. सुहास गेला. त्याच्यासोबत आणखी काही माणसं गेली, वेगवेगळ्या देशांची. घरी आलं ते एक पत्र, एक घड्याळ आणि बंद पेटी.

वकीलबाई त्या दिवशी खाली गेल्या. रडणाऱ्या बायकांत बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "नलिनी, ज्याने हे केलं तो सापडला तर कागद माझ्याकडे येतील. मी नीट लिहीन." मला तेव्हा ते बोलणं कोरडं वाटलं. नलिनीला वाटलं नाही. ती त्यांच्या पायाशी बसली.

वर्षभराने तो सापडला. युरोपातल्या एका लहान देशात, दुसऱ्याच नावाने राहत होता. माणूस आपल्याच मुलखातला निघाला. पासपोर्ट आपला. आता तो कुणाच्या ताब्यात जाणार यावरून ओढाताण सुरू झाली. नलिनी रोज संध्याकाळी वर यायची. एकदा वकीलबाईंनी माझ्या ओट्यावरच्या वाट्या घेतल्या आणि तिच्यापुढे मांडल्या.

"ही मिठाची वाटी, जिथं स्फोट झाला तो देश. ते म्हणतात, अंगण आमचं. ही कोकमाची, ते ऑफिस ज्यांचं होतं तो देश. ते म्हणतात, घर आमचं होतं. ही आपली, खोबऱ्याची. आपण म्हणतो, करणाराही आमचा आणि मेलेलाही आमचा. आणि हा तवा, जिथं तो आत्ता बसलाय. त्यांचं काहीच गेलेलं नाही, पण तो त्यांच्या हातात आहे. द्यायचा कुणाला ते तेच ठरवणार."

"आपल्याला देतील?" नलिनीने विचारलं.

"देतील. आपला कागद सगळ्यांत चांगला आहे. मी लिहिलाय."

असा त्यांचा तोरा होता. पण तो खरा ठरला. त्या देशाने माणूस आपल्याला द्यायचं कबूल केलं, दोन अटींवर. ज्या गुन्ह्यासाठी मागितला त्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा, आणि फाशी द्यायची नाही. त्यांच्याकडे फाशी नाही, आणि जिथं फाशी होईल तिथं ते माणूस धाडत नाहीत. आपल्या सरकारने तसं वचन लिहून दिलं. त्या वचनाचा मसुदा वकीलबाईंच्या हातचा.

नलिनीला हे त्यांनी लपवून ठेवलं नाही. जिन्यातच सांगितलं. मी कोथिंबीर घेऊन मागे उभी होते.

"म्हणजे फाशी नाही?"

"नाही. जन्मठेप."

"तुम्ही लिहून दिलंत?"

"दिलं. नाहीतर तो आलाच नसता."

नलिनी पाठमोरी झाली. खाली गेली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. जन्मठेप तर जन्मठेप, निदान त्याला पिंजऱ्यात उभा बघीन, एवढ्यावर तिने मन बांधलं होतं.

तो आला. खटला उभा राहिला. पहिल्या मोठ्या तारखेला नलिनी मला म्हणाली, "हौसाताई, माझ्याबरोबर चला." मी गेले. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. मी कोर्ट पहिल्यांदा पाहिलं. पंखे मोठे आणि वारा नाही. माणूस अगदी साधा, बँकेत रांगेत उभा असतो तसा. सरकारच्या बाजूने एक मोठे वकील, आणि त्यांच्यामागे फाइली घेऊन आमच्या बाई.

मोठ्या वकिलांनी आरोप वाचायला घेतले. पहिला आरोप तिकिटांच्या ऑफिसचा. तो झाल्यावर त्यांनी दुसरा काढला. याच माणसाचं नाव इथल्या एका जुन्या स्फोटातही होतं, आणि त्या गुन्ह्याला फाशी होती. दोन्ही एकत्र चालवायचं म्हणाले. नलिनीने माझा हात धरला. इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती कानाशी म्हणाली, "होईल. आता होईल फाशी."

आणि आमच्या बाई उठल्या.

"साहेब," त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, "हा माणूस पहिल्या गुन्ह्यासाठी मागवलेला आहे. दुसऱ्यासाठी नाही. तसं वचन दिलेलं आहे."

मोठे वकील मागे न बघता म्हणाले, "बाई, बसा."

"बसते. आधी कागद घ्या."

"फाइलमध्ये असा कागद नाही."

"माहीत आहे. काल होता. त्याची नक्कल माझ्याकडे आहे."

न्यायाधीशांनी हात पुढे केला. कागद कारकुनाच्या हातून वर गेला. वकीलबाई पुढे बोलल्या, "दुसरा गुन्हा चालवायचा असेल तर त्या देशाला पुन्हा विचारा. ते हो म्हणाले तर चालवा, मी स्वतः कागद लिहून देते. न विचारता चालवायचा अधिकार या कोर्टाला नाही." मग बसल्या. पदराने चष्मा पुसला.

दुसरा आरोप बाजूला पडला. त्या देशाने पुढे परवानगी दिली नाही. माणसाला जन्मठेप झाली. निकालाला नलिनी गेली नाही.

मला विचाराल तर मी त्याला फाशी दिली असती. आजही देईन. हे मी बाईंना त्याच रात्री जेवताना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीही दिली असती."

"मग?"

"मला कुणी विचारलं नव्हतं, हौसाबाई. मला कागद लिहायला सांगितलं होतं."

पुढचं सांगायला नको, पण सांगते. कचेरीत त्यांच्याकडच्या फाइली काढून घेतल्या. महिनाभर त्या रिकाम्या टेबलापुढे बसून आल्या, मग निवृत्तीला पाच वर्षं बाकी असताना नोकरी सोडली. बिल्डिंगमध्ये कुणी सत्यनारायणाच्या पूजेला बोलावेना. सेक्रेटरी नोटीस दाराखालून सरकवायचे. ज्यांच्या मुलांचे शाळेचे अर्ज त्यांनी फुकट लिहून दिले होते, ते जिन्यात भिंतीकडे तोंड करायचे. आणि एका सकाळी त्यांच्या दाराशेजारच्या भिंतीवर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "खुन्याची वकील." कोळसा खालच्या इस्त्रीवाल्याकडचा.

मी फडकं ओलं करून आणलं. त्यांनी मला अडवलं.

"दार माझं आहे. भिंत सोसायटीची आहे. पुसायचं काम सोसायटीचं."

"आवं, येणारी-जाणारी माणसं वाचत्यात."

"वाचू देत. साक्षरता वाढेल."

मग जवळ जाऊन त्यांनी ती अक्षरं नीट पाहिली, चष्मा वर करून, कागद तपासावा तशी. चष्मा खाली करून आत आल्या. पण त्यांना अक्षर ओळखू आलं होतं, हे मला कळलं. मीही ओळखलं होतं. नलिनी 'ख' काढताना खालची गाठ मोठी काढायची. तिच्या घरच्या डब्यांवर खसखस आणि खारीक असंच लिहिलेलं होतं. त्यांनी सोसायटीकडे तक्रार केली नाही. नाव घेतलं नाही. ते लिहिलेलं तसंच राहिलं. त्याच्या शेजारून त्या रोज भाजी आणायला जायच्या आणि यायच्या.

मी म्हटलं, "तुमाला वाईट न्हाय वाटत?"

"वाटतं की. मीठ जास्त झालंय आज."

दोन पावसाळे गेले. मग दिल्लीहून एक अधिकारी आला, तरुण, घामाघूम, हातात चामडी पिशवी. तो आधी नलिनीकडे गेला. ज्याने बॉम्ब ठेवला त्याला सामान पुरवणारा, सगळं ठरवणारा माणूस सापडला होता. त्याच लहान देशात, खोट्या पासपोर्टसाठी तुरुंगात. आपण त्याला मागितलं होतं. मेलेल्या माणसाच्या घरच्यांची जबानी हवी होती, घड्याळ ओळखल्याची, शपथेवर. अटी त्याच. फाशी नाही.

नलिनीने सांगितलं, "मी सही करणार नाही. एकदा फसले."

अधिकारी भला होता. त्याने वाद घातला नाही. पिशवी आवरता आवरता तो एवढंच म्हणाला, की मागच्या वेळी ते वचन मोडलं असतं तर या वेळी त्या देशाने आपला कागद उघडूनही पाहिला नसता. पासपोर्टची शिक्षा दोन महिन्यांनी संपते. मग तो माणूस बाहेर पडला असता आणि कुठेही गेला असता. नलिनीने विचारलं, "हे खरं आहे?" तो म्हणाला, "ताई, त्यांच्या पत्रातच तसं लिहिलंय. तुम्ही दिलेला शब्द पाळलात, म्हणून."

हे मला नलिनीनेच पुढे सांगितलं. तो अधिकारी आला त्या दिवशी मी वर मासे साफ करत होते. दार उघडंच होतं. जिन्यात पावलं वाजली आणि थांबली. बघते तर नलिनी भिंतीपुढे उभी. तिने पर्समधून रुमाल काढला, थुंकी लावली आणि पुसायला लागली. कोळसा पुसला की पसरतो. ती घासत राहिली. रुमाल काळा झाला, हात काळे झाले, अक्षरं गेली आणि भिंतीवर म्हशीएवढा करडा डाग उरला.

वकीलबाई आरामखुर्चीतून बघत होत्या. उठल्या नाहीत. म्हणाल्या, "खाली कोपऱ्यात राहिलंय अजून."

नलिनीने कोपरा पुसला. मग आत येऊन म्हणाली, "जबानीत काय लिहायचं ते सांगा. मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"ते जबानीत लागत नाही," बाई म्हणाल्या. "हौसाबाई, हिला हात धुवायला साबण द्या. घड्याळाचा पट्टा कुठल्या रंगाचा होता, नलिनी?"

"तपकिरी. एक भोक त्यांनी स्वतः पाडलं होतं, खिळ्याने."

"ते लिही. तेच लिही."

दोघी तासभर बसल्या. मी त्या दिवशी बांगड्याचं तिखलं केलं. नलिनी जेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वकीलबाई गावी निघाल्या. फ्लॅट विकला. भावाच्या वाटणीशेजारी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. सामान चढवायला मी नवऱ्याला आणि त्याच्या टोळीतल्या तिघांना बोलावलं. पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवून ते आले. ट्रक गेटपाशी लागला आणि कोपऱ्यावरच्या टेम्पो स्टँडचे हमाल धावत आले. "इथं आम्हीच चढवतो. ही आमची जागा."

नवरा म्हणाला, "बाई आमच्या घरच्या हायत."

स्टँडवाले म्हणाले, "असतील. गेट आमचं हाय."

आवाज चढले. वकीलबाई लोखंडी ट्रंकेवर बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. कुणी कुठून किती वर्षं सामान उचलतंय तेही विचारलं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तात्या, अंगण त्यांचं आहे. तुम्ही पाहुणे. चहा घ्या."

नवरा आणि त्याची टोळी फुटपाथवर चहा पीत बसली, आणि बाईंनी स्टँडवाल्यांना पैसे देऊन सामान चढवून घेतलं. नवरा मला म्हणाला, "ही बाई सख्ख्या बापाला बी जिंकू देणार न्हाय." बिल्डिंगमधली चारसहा माणसं गॅलरीत आली होती. नलिनी मात्र खाली आली. ट्रकच्या केबिनपाशी जाऊन वर बघत म्हणाली, "तो आला की मला कोण सांगणार? पेपरात येईपर्यंत मी थांबणार नाही."

"हौसाबाई सांगतील. मी पीसीओवर फोन करीन."

ट्रक हलला. बाई पुढे बघत होत्या. मागे वळून हात वगैरे काही केला नाही. कोपऱ्यावर गाडी थांबली तेवढी, आणि त्यांनी खिडकीतून ड्रायव्हरला हाताने दाखवलं, की समोरचा रिक्षावाला आधी आलाय, त्याला आधी जाऊ दे. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

दीड महिन्याने पीसीओवाला हाक मारत आला. मी पिठाच्या हातानेच धावले. बाईंचा आवाज खरखरत होता. मी कशी आहे ते विचारलं नाही.

"हौसाबाई, माल उतरला. ज्या गाळ्याच्या नावाने मागवला त्याच गाळ्यावर. नलिनीला सांगा."

फोन ठेवला. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या मजल्यावर गेले. नलिनीने दार उघडलं, माझ्या हाताचं पीठ पाहिलं आणि काही न विचारता आत जाऊन कपाटातलं घड्याळ काढून आणलं. ते तिने कानाशी धरलं. बंद होतं. तिने चावी दिली.